जवायाचा मान, गाडीची चाबी

आठवलं की अजूनही डोकं तापते माह्यं! धोंड्याच्या महिन्यात जवाई, म्हणजे माह्या बहिणीचा नवरा, जेवाले आला, तोही पिऊन. निघताना बहिणीले अन् लेकराले बसवून त्यानं माह्याच गाडीची चाबी घेतली. मी हिसकली, तं बाबा माह्यावरच भडकले, "जवायाचा अपमान करतं?" अन् चाबी परत त्याच्या हाती देली.

अनसिंग गावाजवळ पोलिसानं गाडी थांबवली, जवायाले मशीनमध्ये फुंकाले लावलं. जवायानं बाबाले फोन लावून साहेबाच्या हाती देला.

"साहेब, सोडा ना, आमचे जवाई आहेत!"

"तुमचे असतीन, माह्ये नाहीत."

कोर्टात दंड झाला, लायसन सहा महिने निलंबित. आता रोज सकाळी तीच चाबी बाबा स्वतः माह्या हातात देतात, "जा, जवायाले ड्युटीवर सोडून ये."