पंख की पैलवान?

रेसच्या गाडीला पंख हवा की नको, हा वाद माझ्यापुरता मिटलाय. अमेरिकेत शिकताना दोन्ही तऱ्हेच्या गाड्या पाहिल्या; पंखवालीच खरी. गावी परत आलो तेव्हा जीपच्या शर्यतीत शेजारच्या वडगावकरांना यंदा हरवायचंच म्हणून मित्र रऊफच्या जीपवर पत्र्याचा पंख बसवला.

रऊफनं विचारलं, "ह्यो पंख करतोय काय?"

"वाऱ्याच्या जोरानं गाडी खाली दाबतो. वळणावर घसरत नाही."

"मग वाऱ्याचं उपकार कशाला? तालमीतलं दोन पैलवान बसवू की!"

शर्यतीला पंख गायब, मागं पैलवान. पहिल्याच वळणावर दोघांनी भिऊन उड्या टाकल्या आणि हलकी झालेली जीप घसरून उसात घुसली.

मी ओरडलो, "पंखानं उडी मारली असती का?"

उसातून रऊफ म्हणाला, "पुढच्या वर्षी लाव की तुझा पंख! पण तुमची जागा गेली, हे पैलवानांना मात्र तूच सांगायचं!"