पडद्यावरची धमनी

मुलगी : पण आईचं तुम्ही दुर्बिणीनंच केलं होतंत, डॉक्टर. पाच भोकं पाडली आणि दोन दिवसांत घरी. मग माझंच पोट का फाडायचं?

डॉक्टर : तिचं तसं केलं, म्हणूनच तुला सांगतोय.

मुलगी : मी पोहायला शिकवते. इतके दिवस पाण्याबाहेर बसले, तर माझी पोरं दुसरीकडे जातील. आणि गाठ तर एवढीशी आहे, तुम्हीच म्हणालात.

डॉक्टर : तिचीही एवढीशीच होती. गर्भाशयाच्या तोंडाशी, तुझ्यासारखीच. तेव्हा वाटायचं, भोक लहान तर त्रास लहान. पुढे दोन्ही पद्धतींची नीट तुलना झाली. दुर्बिणीवाल्या बायकांमध्ये आजार जास्त जणींना उलटला. जास्त जणी गेल्या.

मुलगी : असं का?

डॉक्टर : नक्की कुणालाच माहीत नाही. आत हत्यार घालून गर्भाशय हलवावं लागतं. तेव्हा कॅन्सरच्या पेशी सांडत असतील.

मुलगी : आईच्या ऑपरेशनची फिल्म आहे ना तुमच्याकडे? नर्सबाई बोलून गेल्या. मला बघायची आहे.

डॉक्टर : नको गं. कशाला जिवाला घोर?

मुलगी : माझी आई आहे ती.

(भिंतीवरचा पडदा उजळतो.)

मुलगी : हे गुलाबी दिसतंय, ते आई?

डॉक्टर : हो.

मुलगी : आणि हे उडतंय ते?

डॉक्टर : धमनी. काळजाच्या प्रत्येक ठोक्याला उडते.

मुलगी : आईला जाऊन तीन वर्षं झाली, डॉक्टर.

डॉक्टर : हं.

मुलगी : हा आवाज तुमचा? ‘बघा, रक्ताचा थेंब नाही.’ किती खुशीत आहात.

डॉक्टर : इतकं सुरेख काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. तरी ती गेली, याचीच भीती वाटते मला. थांबवतो आता.

मुलगी : नका थांबवू. उडायची बंद होईल.

डॉक्टर : बरं.

मुलगी : कोण बघतं हे?

डॉक्टर : शिकाऊ डॉक्टर. दरवर्षी नवी तुकडी येते, तिला दाखवतो. पूर्वी हात कसा चालवायचा ते शिकवायला दाखवायचो. आता तुलनेबद्दल सांगताना दाखवतो.

मुलगी : म्हणजे दरवर्षी आईला परत टेबलावर घेता.

डॉक्टर : असा विचार मी कधी केला नव्हता.

मुलगी : त्यांच्यातलं कुणी विचारतं का, ही बाई कोण होती म्हणून?

डॉक्टर : आजवर एकानंही नाही.

मुलगी : माझ्या पोटावर मोठीच चीर घ्या, डॉक्टर. व्रण बघून कुणीतरी विचारेल तरी, मग आईचं सांगता येईल.