लाथाडीच्या खोलीत चार दिवस

...आणि त्यात तो उतार. खोलीच्या फरशीला उतार, का, तर पूर्वी तिथे गाई उभ्या असायच्या आणि त्यांचं जे काय असेल ते आपोआप खाली नालीत वाहून जावं म्हणून. आता गाई नाहीत, नालीवर काच टाकून आत दिवे लावलेत, पण उतार आहे तिथेच, आणि उतारावर माझा पलंग. तुम्हाला सांगतो, झोपायचं उशीवर आणि उठायचं पायथ्याशी, गाठोडं होऊन. तोंड कुठे धुवायचं? गव्हाणीत. नळ बसवलाय गव्हाणीला. वाकून चूळ भरताना असं वाटतं की आता कोणीतरी मागून चारा टाकणार. तक्रार नाही हं माझी. आपलं सांगतो.

तक्रार मी कशाला करीन? एकतीस वर्षं पाणीखात्यात तक्रारीच्या खिडकीत बसलो. नळाला पाणी नाही, या खिडकीत. पाण्यात किडे, या खिडकीत. एक तक्रार वेळेत मिटलेली बघितली नाही. मग आपण कशाला त्या रांगेत उभं राहायचं?

तर हे बुकिंग थोरल्या मुलीचं. फोनवर म्हणाली, "बाबा, एकटे बसून बसून तुम्ही भिंतींशी बोलायला लागलाय. डोंगरात जा चार दिवस. मस्त गोठा आहे."

म्हटलं, "बापाला गोठ्यात बांधतेस?"

"अहो, गोठा होता. आता खोल्या केल्यात. लोक मुद्दाम जातात."

"तू येतेस?"

"बघते."

आता 'बघतो' म्हणजे काय, हे मी एकतीस वर्षं लोकांना खिडकीतून ऐकवलंय. मला कळायचं राहील?

गेलो एकटाच. खोली दोघांची. दोन कप, दोन उशा, दोन टॉवेल, आणि टॉवेलांची बदकं करून पलंगावर समोरासमोर बसवलेली. मी एकच टॉवेल वापरला, तर दुसरं बदक आपलं माझ्याकडे बघतंय. शेवटी सकाळी एक, संध्याकाळी एक असं ठरवून टाकलं. ही असती तर म्हणाली असती, टॉवेलांच्या पाळ्या लावणारा माणूस आहे का कोणी जगात. पण हिला जाऊन तीन वर्षं झाली, आता म्हणायला आहे कोण... तक्रार नाही, आपलं सांगतो.

आता खरी गंमत ऐका. पहिली पहाट. पाच वाजलेत, बाहेर अजून अंधारच, मी पायथ्याला गाठोडं होऊन, दाराकडे पाठ करून पडलोय. दार वाजलं. ढकललं कोणीतरी. कोणीतरी आत आलं, आणि माझ्या पाठीवर एक भला मोठा हात. कसा? तर थोपटल्यासारखा. आणि वर आवाज, "सरक गं बाई, सरक."

मी ताडकन उठलो, दिवा लावला. समोर ऐंशीचे म्हातारे, हातात तीन पायांचं स्टूल. तेही दचकले. म्हणाले, "चुकलं. अंधारात कळलं नाही." आणि विचारतात, "बसू का थोडा वेळ?"

मी म्हटलं, "नाही."

स्टूल उचलून गेले बिचारे.

मग मी काय केलं? आयुष्यातली पहिली तक्रार केली. गोठा चालवते म्हाताऱ्यांची सून. तिला गाठलं. "काका, माफ करा हो," म्हणाली, आणि अर्ध्या तासात सुतार आला आणि दाराला आतून कडी बसली. अर्ध्या तासात. मला तर पाणीखात्यातल्या सगळ्या साहेबांना बोलावून ती कडी दाखवावीशी वाटली.

दुसरी पहाट. कडी लावलेली. आणि मी पावणेपाचपासून जागा. का जागा, काय माहीत. पावलं आली. दार एकदा ढकललं गेलं. अडलं. लाकडावरून हात फिरल्याचा आवाज आला, आणि पावलं परत गेली, अगदी सावकाश. आणि मी तिथे पडल्या पडल्या हिशोब करायला लागलो, की माझ्या पाठीवर शेवटचा हात कोणी ठेवला होता? न्हावी मान धरतो, पण ते कामापुरतं. डॉक्टर नळी लावतो. हिच्या दिवसांना आले होते त्यांनी ठेवला असेल. म्हणजे तीन वर्षांत काल पहिल्यांदा, आणि तोही गाईसाठीचा.

सकाळी चहा देताना सून म्हणते, "आता त्रास नाही ना, काका? आणि रविवारनंतर तर प्रश्नच नाही. बाबांना मोठ्या दिरांकडे पाठवतोय शहरात. चौथ्या मजल्यावर घर आहे त्यांचं. तुमच्यासारखंच आधी चौघांनी सांगितलं होतं."

मी म्हटलं, "माझी तक्रार मागे घेतो."

"अहो काका, मागे कशी घेणार? कडी बसली की."

हेच तर मी एकतीस वर्षं बोलत होतो, फक्त कडी न बसवता.

म्हातारे घराच्या पायरीवर बसले होते. जाऊन शेजारी बसलो. त्यांनीच सुरुवात केली. "डोकं ठिकाणावर आहे माझं. गाई विकल्या ते ठाऊक आहे, मीच गाडीत चढवल्या. पण पाच वाजले की पाय तिकडेच जातात. त्यांना कोण सांगणार?"

मी विचारलं, "माझ्या खोलीत कोण असायची?"

"लाथाडी. दुसऱ्या कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. धार काढेपर्यंत तिच्याशी बोलत राहावं लागायचं."

"काय बोलायचात?"

"घरात बोलता यायचं नाही ते."

मी म्हटलं, "उद्या पाचला या. कडी काढून ठेवतो."

"सुनेला चालणार नाही."

"पाहुणा मी आहे."

आले. स्टूल टाकून पलंगाशी बसले. मला वाटलं, बोलतील. तर गप्प. मग मीच सुरू झालो. हिचं सांगितलं. शेवटचा महिना कसा गेला, ती मला काय म्हणाली आणि माझं तिला काय म्हणायचं राहून गेलं, जे पोरींनाही कधी सांगितलं नव्हतं ते सगळं. म्हातारे ऐकत होते, अगदी गाईसारखे... म्हणजे मध्ये सल्ला नाही, 'असं कसं' नाही, फक्त श्वास ऐकू येतोय. उजाडलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. या वेळी दिवा चालू होता.

मान वर केली तर दारात सून. किती वेळ उभी होती देव जाणे. डोळ्यांना पदर लावून म्हणते, "काका, पण दुसरे पाहुणे ऐकणार आहेत का?"

म्हटलं, कागद आण. आणि खात्यात आयुष्य घालवून जी भाषा आली होती ती तिथे कामाला लावली. 'या खोलीत रोज पहाटे पाच वाजता एक वयस्कर गृहस्थ येऊन बसतील. ते काही मागत नाहीत. ज्यांची हरकत असेल त्यांनी दुसरी खोली घ्यावी.' म्हटलं, महिनाभर ही पाटी लाव. कोणी टिकलं नाही तर खुशाल पाठव चौथ्या मजल्यावर. "बघते," म्हणाली, आणि त्या बाईनं खरंच बघितलं हो.

महिन्यानं फोन केला. म्हातारे तिथेच आहेत. आणि लाथाडीची खोली? पुढचे सात महिने भरलेली. लोक म्हणे तीच खोली मागतात. कोणी एकटी बाई दोनदा येऊन गेली, कोणी रिटायर झालेला ड्रायव्हर आठ दिवस राहिला. मी म्हटलं, "अगं, पाटी मी लिहिली."

"हो ना, काका. पण बुकिंग आधी त्यांचं आहे. तुम्हाला चाऱ्याची खोली देते."

तक्रार नाही, आपलं सांगतो.

गेलो. चाऱ्याच्या खोलीला उतार नाही, गव्हाण नाही, पलंग सपाट, झोप उत्तम. बरोब्बर पाचला जाग आली. भिंतीपलीकडे स्टूल टेकल्याचा आवाज, आणि कोणीतरी बाई हळूहळू, थांबत थांबत काहीतरी सांगत होती. म्हातारे गप्प. मी ऐकलं नाही हो, दुसऱ्याचं काय ऐकायचं, मी आपला कुशीवर वळलो.

चाऱ्याशी कोण बोलायला येतंय?