कुणीही गुंडाळतं ती कॉइल

फुलर्टनच्या गिटार कारखान्याबाहेर, टाको विकणाऱ्या खाण्याच्या गाडीपुढच्या रांगेत डेल्फिना उभी होती. इलेक्ट्रिक गिटारचा सूर पकडणाऱ्या तांब्याच्या तारेच्या कॉइल गुंडाळण्यात तिची हयात गेली होती. पुढचे दोघे वादक तिला ओळखत नव्हते.

"दोन्ही कॉइल एकत्र चालू केल्या की स्पीकरमधली घरघर एकदम गप्प!"

"ती सोकोरोची करामत. ती एक कॉइल उलट्या दिशेनं गुंडाळते."

"आणि दुसरी, सुलटी?"

"ती काय, कुणीही गुंडाळतं."

डेल्फिनाच्या अंगाचा तिळपापड झाला. सुलटी कॉइल तिची होती. सोकोरो तिची धाकटी जाऊ. तिला गुंडाळायच्या यंत्रावर बसवलं होतं तेही डेल्फिनानंच.

"मग दोन्ही सोकोरोच्याच घाला की!" ती म्हणाली.

"वा मावशी! मग तर बहारच."

"कसली बहार? घरघर ऐकत बसाल."

"ती का?"

"दोन्ही उलट्या म्हणजे दोन्ही एकाच दिशेच्या. घरघर मारायला एक उलटी लागते, एक सुलटी."

"मग सुलटी गुंडाळतं कोण?"

"ही काय, आमच्या जाऊबाई!" मागून येऊन रांगेत घुसत सोकोरो म्हणाली. "गुंडाळतात सुलटं, बोलतात तेवढं उलटं."

वादक हसले. त्यांनी वही पुढे केली, सहीसाठी; सोकोरोपुढे.

"आधी ह्यांची घ्या," सोकोरो म्हणाली.

"तुझा उष्टा मान नको मला," डेल्फिना म्हणाली आणि पेन मात्र हिसकावून घेतलं.