मशीनमधली हजेरी

—नाही नाही, चपला बाहेर नको, आत घ्या. ह्या मजल्यावरून चपला जातात. कोण नेतो ते मला माहितेय, पण पकडल्याशिवाय नाव घ्यायचं नाही ही आपली पद्धत. बसा. त्या खुर्चीवर नको, ती माझी आहे. वाशीच्या दुकानातूनच आलात ना तुमी? कार्ड दाखवा जरा — राग मानू नका हो, पण हल्ली कोणीपण बॅग घेऊन येतो आणि बोलतो मी मेकॅनिक. हा फोटो तुमचाच? मिशी कधी काढलीत? असूद्या, असूद्या. फोनवर चारला येतो बोललात आणि आता बगा किती झाले. मी काय बोलत नाही, नुसतं लक्षात ठेवतो.

तर मशीनला काय झालेलं नाही. मशीन फस्क्लास आहे. मला कुलूप पायजे, पासवर्ड. माझ्याशिवाय कोणी चालू करता कामा नये. — घरात कोण? मी आणि आमची मंडळी, बस. चांगुणा आत चहा टाकतेय. ती कशाला हात लावेल, ती त्याच्यावरची धूळसुद्धा लांबून फुंकर मारून काढते, शॉक बसेल म्हणून. — मग कुलूप कोणासाठी? तेच सांगतोय, पण तुमी आवाज खाली घ्या. तिचे कान लय तिखट आहेत आणि ह्या विषयावर आमचं दोघांचं जमत नाही.

मी टाइम ऑफिसचा माणूस. गंगाराम गमरे. ठाणे-बेलापूर रोडला केमिकलची कंपनी होती, तिच्या गेटवर आख्खी नोकरी काढली मी. भिंतीवर पंचिंगचं घड्याळ — कामगार कार्ड घालणार, खटॅक, टाइम उमटला. आता तुमाला वाटेल ह्यात काय, कार्ड बगायचं आणि पगारपत्रक करायचं. पण दत्तूचं कार्ड सखाराम पंच करतो आणि दत्तू घरी झोपलेला, हे कोण पकडणार? मी पकडायचो. माणूस शपथ घेतो, रडतो, आई आजारी आहे बोलतो, पण कार्ड काय रडत नाही. आणि घड्याळ — घड्याळ मी रोज सकाळी रेडिओच्या पिपपिपला लावायचो, त्याशिवाय गेट उघडू द्यायचो नाही. मॅनेजरची गाडी उभी ठेवलीय मी त्यासाठी. लोक मागून शिव्या घालायचे, पण गमरेचं घड्याळ चुकलं असं कोणी कधी बोललं नाही.

रिटायर झालो आणि हात मोकळे. नेरूळच्या गार्डनमध्ये सकाळी फेऱ्या, मग कट्ट्यावर बाकीचे म्हातारे, तेच ते गुडघे आणि तेच ते मुलगे. मला कंटाळा आला. तेव्हा अभयने — अभय म्हणजे आमचा मुलगा, बेलापूरला सरकारी ऑफिसात आहे — त्याने हे मशीन आणलं, कोणाकडून तरी सेकंडहँड. शिकवलं मात्र सुनेने. अक्षताने. लग्नाआधी क्लास केला होता तिने कॉम्प्युटरचा. दुपारी माझ्या बाजूला स्टूल घेऊन बसायची, आणि पप्पा असं दाबा, पप्पा तसं नको. ते कीबोर्डवर कागदाचे तुकडे चिकटवलेत ना, ते तिच्याच अक्षरात आहेत. "आधी सेव्ह, मग बाहेर." — नाही, काढू नका ते. राहूदे. मला लागत नाहीत आता, पण राहूदे.

आणि मला लागलं हो वेड. वर्डस्टारमध्ये मी सिडकोला तक्रारी लिहितो, जिन्यातल्या बल्बपासून नाल्यापर्यंत. कागद हातात घेतला की टाइपरायटरवाले चूप होतात, एक खाडाखोड नाही. लोटसमध्ये पाण्याचा हिशोब, टाकी कधी भरली, कधी संपली, वॉचमनने मोटार चालू करायला किती उशीर केला. संध्याकाळी मशीनबरोबर बुद्धिबळ, ते मला हरवतं पण मधे टेबलाखालून प्यादं उचलत नाही, कट्ट्यावरचे उचलतात. आणि माझं खरं काम डीबेसमध्ये. इथून खिडकीतून गेट दिसतं बगा. बिल्डिंगीत कोण आलं, कधी आलं, कधी गेलं, सगळं. दुपारभर पेन्सिलीने टिपतो आणि संध्याकाळी दिवाबत्तीला बसून मशीनमध्ये चढवतो. — कोणी सांगितलं? कोणी कशाला सांगायला पायजे. वॉचमन झोपतो, कोणीतरी जागं राहायला नको? तुमचीपण नोंद होणार आहे आज. उशीर धरून.

आता असली फाइल कोणाच्या हातात पडली तर? म्हणून मी लक्ष ठेवतो. डीआयआर असं टाइप केलं की समोर येतं, कुठल्या फाइलला शेवटचा हात कधी लागला. तारीख, टाइम. हे मला अक्षतानेच दाखवलं, काय बोलू. मला तर वाटलं, अरे, हे तर आपलं पंचिंगचं घड्याळ. आणि एक दिवस बगतो तर माझ्या फाइलवर टाइम सकाळी अकराचा. अकराला मी कट्ट्यावर. अभय ऑफिसला. चांगुणा मंडईत. घरात कोण? तुमीच सांगा कोण.

मी लगेच नाही बोललो. मी कच्च्या गुरूचा चेला नाही. दुसऱ्या दिवशी दहाचा टाइम. मग साडेनऊचा. रोज थोडं थोडं अलीकडे. कंपनीत पण असंच करायचे बदमाश, रोज एकाच टाइमाला करायचं नाही, कोणाला पॅटर्न दिसायला नको. मग मी जाताना कीबोर्डवर पावडर टाकली, टाल्कम. येऊन बगतो तर पावडर तशीच, एक बोट उमटलेलं नाही. — काय? हात लावला नसेल? छे. इतकी हुशार पोरगी, ती पुसून परत पावडर टाकणार. डबा हलका लागला मला. त्यात नॉर्टनचं ते एक आहे ना, पुसलेल्या फाइली परत आणतं, ते तर माझं सगळ्यात आवडतं. माणसाने पुसलं तरी मशीन सोडत नाही. फक्त फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर जातं, तेवढं आपल्याला भरावं लागतं. तर ते लावून बगितलं तिने काय काय पुसलंय. निघालं काय — मला शिकवायला तिने टाइप केलेले धडे. एक-दोन-तीन करून, पप्पांनी हे दाबायचं, पप्पांनी घाबरायचं नाही. डिस्क भरली म्हणून पुसले बोलली. मला पटलं नाही. शिकवलेलं कोण पुसतं?

शेवटी एका रविवारी जेवणाच्या ताटावर विचारलं. सगळ्यांसमोर, तिचा भाऊ आलेला त्याच्यासमोर. असंच विचारायचं असतं, साक्षीदार लागतो. ती बोलली, पप्पा, मी हात नाही लावला. मी बोललो, तू खोटं बोलशील, मशीन बोलणार नाही. ती उठली, ताट तसंच ठेवलं. अभय माझ्याशी भांडला. जन्मात पहिल्यांदा तोंड वर करून बोलला — पप्पा, आमी तुमचे कामगार नाय. झालं. दोन ट्रंका घेतल्या आणि घणसोली गावात एक खोली भाड्याने बगितली. गावठाणात, गल्ली एवढीशी, वर पत्रा. फोन नाही, खालच्या वाण्याकडे पीपी, तो हाक मारून बोलावतो. चांगुणा जाते मधून मधून डबा घेऊन. मी नाही जात. मी का जायचं? अक्षता विहारात दिसली मला परवा, पाया पडायला वाकली, मी बाजूला झालो. चोरी पकडल्यावर पाया पडून मिटवायचं, असं असतं का कुठे. — वाईट वाटतं, का नाही वाटणार. ते स्टूल बगा अजून तिथेच आहे. पण पुरावा म्हणजे पुरावा.

आणि आता तुमाला बोलावलं ते ह्याच्यासाठी, जवळ या. ती गेली तरी थांबलेलं नाही. परत टाइम उमटतोय. आधी पहाटेचे पाच. मग तीन. आता तर मध्यरात्रीचा. आमी दोघं इथेच झोपलेलो, दाराला आतून कडी. म्हणजे किल्ली आहे तिच्याकडे. मी लॅच बदलून घेतलं. तरी येतंय. घणसोलीवरून रात्रीची कशी येत असेल, अभय आणून सोडत असेल का, मला काय झोप नाही हो. चांगुणा बोलते तुमाला भूत लागलंय. म्हणून कुलूप पायजे. लावा.

— खोलताय कशाला? कुलूप आतून लागतं का? बरं, खोला, पण स्क्रू इथे माझ्या बशीत ठेवा. सगळे मला परत दिसले पायजेत. काय विचारलंत? मी फाइल कधी चढवतो? सांगितलं की, संध्याकाळी, दिवाबत्तीला. रोज. काल पण. — माझा टाइम? कुठला माझा? ... हो, मी सेव्ह केलं की संध्याकाळचा टाइम पडायला पायजे. पायजे की. — नाही, दिसत नाही. कधीच दिसला नाही. तेच तर, माझी हजेरीच पुसते ती. माझा टाइम खोडून स्वतःचा — थांबा. स्वतःचा कशाला ठेवेल? चोर माझी सही खोडून स्वतःची करेल का? ... तुमी मला घोळात घेऊ नका. तुमी तिच्या ओळखीतले तर नाही ना? क्लास कुठे केलात तुमी?

काय टाइप करू? टी, आय, एम, ई. केलं. — हे काय दाखवतंय. रात्रीचे दहा वाजून गेलेत बोलतंय. बाहेर ऊन आहे, चांगुणा चहा टाकतेय, आणि हे बोलतंय रात्र. आणि तारीख? तारीख कालची आहे ही. माझं मनगटावरचं बगा, सकाळी पिपपिपला लावलेलं. तुमचं बगा. तुमचं पण तेच.

सेल? कसला सेल? एवढासा? ... म्हणजे मशीन बंद असलं की आतलं घड्याळ ह्याच्यावर चालतं. आणि हा अर्धमेला, म्हणून बंद असताना मागे पडतं. रोज थोडं थोडं. आधी संध्याकाळचे झाले सकाळचे अकरा, मग दहा, मग पहाट. — म्हणजे ते माझेच टाइम. ती सगळी हजेरी माझी. अकराची पण. ताटावर विचारलं ती पण. ... सेल विकायला सांगताय ना तुमी हे? दुकानदार असंच करतात. नाही? बरं. — हसताय का? नाही हसत? मला वाटलं हसलात.

काटे नव्हते हो त्याला. काटे असते तर मी पहिल्या दिवशी लावलं असतं. भिंतीवरचं लावतो, हातातलं लावतो, सोसायटीच्या ऑफिसातलं जाऊन लावून येतो. हे आत बसलेलं, मला काय माहीत ह्याला पण लावावं लागतं. तिला पण माहीत नसेल. माहीत असतं तर बोलली असती ना. ती नुसतीच बोलली, पप्पा मी हात नाही लावला. एवढंच.

ऐका. सेल नका बसवू. नाही, पैशाचं नाही, खेप तुमची देतो. पण बसवलात तर उद्यापासून टाइम बरोबर येणार. मग चांगुणा विचारणार, काय हो, आता येत नाय का कोणी रात्रीचं? मी काय सांगू? त्यापेक्षा हे असंच राहूदे. कुलूप लावा. ती विचारेल तर बोला व्हायरस होता. व्हायरस सगळ्यांना पटतो. सांगाल ना? झाकण लावा पटकन, बशीतले स्क्रू—

चांगुणा. तू कधीपासून उभी आहेस इथे?

... चहा गार झालाय, म्हणजे केव्हापासूनची असशील. असं बगू नको. मशीनमध्ये जरा — हे बोलतायत की — बोला ना तुमी. नका बोलू. अगं, मी जाणार होतो. येत्या रविवारी. तिला सांगितलं असतं. कुठे निघालीस? फोन कशाला? वाण्याचा नंबर तुला पाठ आहे? चांगुणा, नको फिरवू, तो आता गिऱ्हाईकात असेल, तो वर कशाला जाईल हाक मारायला. ठेव. — लागला? बोलवायला गेला?

काय बोलू मी? माझ्या हातात कशाला देतेस, तू बोल. तुझं ती ऐकते. मी पहिलं काय बोलायचं, पहिला शब्द तरी — गल्लीतून हाका मारतोय तो, फोनात ऐकू येतंय इथे.

तुमी जा हो आता. सेल बसवा आणि जा. नाही, आधी जा. दार ओढून घ्या.

... अक्षता?