कुरणात उजेड मागणारा

ऐका राजेहो, जरा जवळ सरकून बसा. आपल्या मोठ्या कुरणाची गोष्ट आहे.

तेव्हा गवळ्यांच्या सगळ्या घरांचा एकच ठराव होता. पाऊस लागला की कुरण बंद. गवताचं बी झडेपर्यंत एक जनावर आत सोडायचं नाही. अन् गवत वाळलं की विस्तव आत न्यायचा नाही. कंदील नाही, बिडी नाही, काही नाही. उन्हाळाभर सगळ्यांची गुरं त्याच गवतावर जगायची.

तर गणबा अवथळ्याची गाभण गाय संध्याकाळी कळपातून फुटली. दिवस भरले होते तिचे. अंधार पडला तरी आली नाही. गणबा उठला.

बायको मैना म्हणाली, "कुरणातल्या नाल्याच्या वाटेनं नोका जाऊ."

"फेरा घेऊन गेलो तं गाय हाती नाई लागत," म्हणाला. कंदील घरी ठेवला अन् निघाला.

कुरणात शिरला. वाळलेलं गवत कमरेएवढं. वारा नाही, तरी गवत हलतंय. पुढं एक माणूस बसलेला, डोक्यावर घोंगडं.

"माचीस हाय का, भाऊ?"

गणबाचा हात बंडीच्या खिशाकडे गेला. घाईत माचीस खिशात तशीच राहिली होती.

"नाई," म्हणाला अन् पुढं झाला.

थोडं चालला. बरं का, पुढं पुन्हा तोच बसलेला.

"खिशात हाय नं?"

गणबा झपाझप नाल्याकडे वळला. तिथं गाय हंबरली. त्याचीच गाय, आवाज ओळखीचा. खाली पडून कण्हत होती. अन् मागून तोच माणूस म्हणाला, "वासरू आडवं आलं. उजेड कर, नाई तं दोघंबी जातीन."

आता सांगा, गवळ्याचा जीव. गणबानं माचीस काढली. आधी वासरू कुठं आहे ते चाचपावं म्हणून दुसरा हात गाईच्या पोटावर ठेवला. पोट गार. राखेसारखं गार, अन् हात आत रुतत चालला. अडलेली गाय गार नसते, राजेहो. अंग तापलेलं असतं तिचं.

त्यानं हात उपसला. तसं माचिशीच्या हाताचं मनगट कोणीतरी धरलं. दुसरा हात आपसूक काडी काढायला लागला. गणबाला तो आवरेना. मग त्यानं अंगच नाल्यात झोकून दिलं. डबकं होतं गुडघाभर. माचीस भिजली. मनगट सुटलं.

काठावर तो उभा होता. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मले काईच दिसत नाई रे."

गणबा उजाडेपर्यंत पाण्यात बसून राहिला. सकाळी मैना अन् शेजारी आले, त्यांनी बाहेर काढला. गाय कुरणाच्या पलीकडे वासराला चाटत उभी होती. गणबाच्या मनगटावर भाजल्याचे डाग, पाच बोटांचे. मी पाहिलेत.

माचीस मागणारा तो दौला होता. फार आधीचा गवळी. नवं गवत लवकर फुटावं म्हणून एका उन्हाळ्यात त्यानं कुणाला न विचारता कुरण पेटवलं. वारा फिरला. त्याचीच वासरं आत होती. तो त्यांच्यामागं गेला. बाहेर कुणीच आलं नाही. त्या साली चाऱ्यावाचून कितीक घरं गुरं घेऊन परमुलखात गेली, ती परत आली नाहीत.

दौला अजून वासरं शोधतो, म्हणून उजेड मागतो. दया येईल तुम्हाला. गणबालाही आली होती, मरेपर्यंत बोलून दाखवायचा. पण उजेड दिला तर पुन्हा सगळं कुरण जाईल, अन् वासरं त्याला तरीही सापडायची नाहीत. म्हणून अंधार पडल्यावर नाल्याची वाट धरू नका. गाय आत राहिली तर राहू द्या. सकाळी जा.