स्वयंपाकघरातून कसं ऐकू येतं

नेझु : कुराशिमासान, खुर्ची इकडे आहे. तिथे माझ्या दुकानाचं बेसिन आहे.

कुराशिमा : मला इथूनच ऐकायचंय.

नेझु : तिथून अँप्लिफायर ऐकू येत नाही, बेसिन ऐकू येतं. आयुष्यभर या खुर्चीसाठी भांडलात माझ्याशी. दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये हवी म्हणून एकदा मोजायची टेप घेऊन आला होतात.

चिगुसा : घरीही तेच, नेझुकाका. खुर्चीच्या पायांच्या खुणा चटईवर आहेत. आई खुर्ची हलवायची नाही, तिच्याभोवती झाडायची.

कुराशिमा : चिगुसा, तू गप्प बस. नेझुसान, हा छोटा कसा आहे?

नेझु : दर बाजूला एकच काचेचा व्हॉल्व्ह, आठ वॅट. आवाज लोण्यासारखा. पण तुमचे ते शेल्फवरचे स्पीकर म्हणजे घरजावई. आठ वॅटनं कूस बदलतील, उठणार नाहीत. त्यांना हा मोठा लागेल, जोडीच्या व्हॉल्व्हचा. तापतो मात्र भट्टीसारखा.

कुराशिमा : लांबून कोणता बरा?

नेझु : लांबून? या धंद्यात आजवर कुणी लांबून विचारलं नाही. असं करा, दोन्ही घरी न्या आणि वहिनींना विचारा. पलीकडच्या खोलीतून बदललेला व्हॉल्व्ह ओळखणारी बाई! सगळ्या अकिहाबाराच्या बाजारात तसले कान नाहीत. त्यांनी हो म्हटलं म्हणून ती महागडी वायर तुम्ही परत केली नाहीत, आठवतंय? मी त्यांचा ऋणी आहे.

चिगुसा : काका, आई मार्चमध्ये गेली.

नेझु : काय?

चिगुसा : बाबांनी कुणालाच कळवलं नाही.

नेझु : अरे देवा. कुराशिमासान... आणि मी आपला वायरीचं काय सांगत बसलोय. माफ करा.

कुराशिमा : तुम्ही बरोबरच सांगताय. तिचे कान होतेच तसे. ओबोनला पितर घरी येतात, त्यांत ती येईल, पहिल्यांदाच. पांढरा कंदील आणलाय. तिच्या येण्याजाण्यासाठी वांग्याची गाय, काकडीचा घोडा चिगुसा करणार आहे. माझ्याकडचा अँप्लिफायर हिवाळ्यातच बंद पडला. घरात आवाज नाही. तिला वाटायचं, चुकून दुसऱ्याच घरी आले.

चिगुसा : बाबा, आई वासावर येईल. भाताच्या.

कुराशिमा : ती स्वयंपाकघरात असायची. तिथून नीट ऐकू जाईल असा हवाय. एवढंच. नेझुसान, माझी ती तबकडी लावा.

नेझु : खोकल्याची?

कुराशिमा : हं. मैफलीत तिसऱ्या रांगेत एकजण खोकतो. चांगल्या यंत्रावर तो डावीकडून खोकतो, वाईटावर नुसताच खोकतो.

चिगुसा : त्या माणसाचा खोकला यांना रांगेसकट ऐकू येतो. आईचा अख्खा हिवाळा चालला होता.

नेझु : चिगुसा...

चिगुसा : नाही काका, मी नुसतं सांगतेय.

कुराशिमा : खरंय तिचं. लावा तबकडी. आणि बेसिनचा नळ सोडू का? आमच्याकडे धुराचा पंखाही असतो.

नेझु : पंखा आहे माझ्याकडे. जुना आहे, धुराचाच समजा. भिंतीकडे तोंड करून उभे राहा. मी अधूनमधून यंत्र बदलेन, सांगणार नाही. तुम्ही सांगायचं.

(तबकडी फिरते. नळ आणि पंखा चालू. एक बाजू संपत येते.)

कुराशिमा : सुरुवात केलीत की सांगा.

नेझु : बाजू संपली, कुराशिमासान. दोनदा बदललं मी.

कुराशिमा : दोनदा?

नेझु : शेवटी तर माझा दुकानातला भंगार रेडिओसुद्धा जोडून पाहिला.

कुराशिमा : पण मला तर नुसतं धप धप... शेजारी कुणी गादी झटकतंय तसं. खोकला आला?

नेझु : आला आणि गेला.

कुराशिमा : मग ती कशी ओळखायची? मी आतून ओरडून विचारायचो, तोमोए, आता कसं? ती जरा थांबायची. खरंच ऐकायची ती, विचार करायची. मग म्हणायची, आता मोकळं वाटतंय. एकदाही चुकली नाही! चिगुसा, तू होतीस की तिथे. सांग ना यांना.

चिगुसा : राहू दे बाबा.

कुराशिमा : सांग.

चिगुसा : तिनं मलाही शिकवलं होतं. बाबांनी विचारलं की आधी एक भांडं धुवायचं. मग म्हणायचं, मोकळं वाटतंय. लगेच म्हटलं तर त्यांना खरं वाटत नाही.

कुराशिमा : एक भांडं.

चिगुसा : मी लहान असताना एकदा ती म्हणाली होती, मला काही फरक कळत नाही हो. तुम्ही रागावला नाहीत. नुसते तसेच बसून राहिलात, अंधार पडला तरी. जेवलाही नाहीत. त्यानंतर तिला कायम फरक कळायला लागला.

नेझु : चहा टाकतो मी.

कुराशिमा : नको. मग तिला तिथे काय ऐकू जायचं, चिगुसा? इतकी वर्षं?

चिगुसा : धप धप. आणि तुम्ही.

कुराशिमा : मी?

चिगुसा : मधेच तुम्ही 'अहाहा' म्हणता ना. ते आलं की ती मिसो सूप गरम करायला ठेवायची. म्हणायची, आता तबकडी संपेल, आता उठतील.

कुराशिमा : मी म्हणतो असं?

नेझु : म्हणता. मघाशी नाही म्हणालात.

कुराशिमा : छोटा द्या.

नेझु : आज काही घेऊ नका. घरी जा. आणि छोट्याचा आवाज पलीकडच्या खोलीत पोचायचा नाही.

कुराशिमा : पोचवायचाच नाहीये. स्पीकर स्वयंपाकघरात नेतो. वाट्या ठेवतो त्या फळीवर मावतील. वाट्या खाली काढू.

चिगुसा : बाबा!

नेझु : अहो, तळणाची वाफ असते तिथे. व्हॉल्व्ह वर्षभरात चिकट होतील.

कुराशिमा : होऊ देत.

नेझु : आणि त्या बोळकांडीत तुमची खुर्ची कशी मावणार? उभ्यानं ऐकावं लागेल.

कुराशिमा : ती उभीच असायची.